बर्लिनच्या दोन वसाहती: राहायला रस्ता हवा की बाग?

स्प्रीकाठचा
मागच्या आठवड्यात पुण्याहून माझा एक आर्किटेक्ट मित्र आला होता, त्याला बर्लिन फिरवताना आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही, म्हणून इथे टाकतोय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. युद्धात शहराचा चुराडा झाला, मग चार सैन्यांनी वाटून घेतलं आणि शेवटी उरले दोन तुकडे, रशियाच्या हाताखालचा कम्युनिस्ट पूर्व आणि अमेरिका-ब्रिटन-फ्रान्सच्या बाजूचा पश्चिम. दोघांनाही घरं हवी होती आणि दोघांनाही समोरच्याला दाखवून द्यायचं होतं. पूर्वेने एका मोठ्या रस्त्याला १९४९ मध्ये स्टालिनच्या सत्तराव्या वाढदिवशी त्याचं नाव दिलं, स्टालिनआले, आणि १९५२ पासून दोन्ही बाजूंना कामगारांसाठी राजवाडे बांधायला घेतले, खांब, कमानी, टाइल्स, सगळा थाट. पश्चिमेने उत्तर म्हणून टिअरगार्टन बागेला लागून असलेला हान्साफिर्टल नावाचा भाग घेतला, १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तो जवळजवळ संपलाच होता. तिथे १९५७ मध्ये इंटरबाउ नावाचं प्रदर्शन भरवलं, १३ देशांतले ५३ आर्किटेक्ट, ग्रोपियस, आल्टो, नीमायर, याकोबसेन, वर्ल्ड कपच म्हणा. जुने रस्ते मोडले, प्लॉट एकत्र केले आणि झाडांमध्ये सुट्या सुट्या इमारती ठेवल्या.

आणि २०२३ मध्ये जर्मनीने जागतिक वारशासाठी जी नवी यादी काढली त्यात दोन्ही मिळून एकच प्रस्ताव आहे. दोन सवती एका फोटोत.

माझं म्हणणं सरळ आहे. हान्साफिर्टल बघायला सुंदर, पण ते शहर नाही. मी परवा तिथे एका ओळखीच्यांकडे जायला निघालो, घर नंबर सापडेना, कारण इमारतींना रस्त्याकडे तोंडच नाही, एक तिरकी, एक पाठ करून उभी, मध्ये पायवाटा आणि झुडपं, संध्याकाळी पाचला अंधार पडल्यावर विचारायला माणूस मिळेना. याउलट कार्ल-मार्क्स-आले (तेच स्टालिनआले, १९६१ मध्ये नाव बदललं), तिथे खाली दुकानं आहेत, वर माणसं राहतात, कोपरा म्हणजे कोपरा आहे. पुस्तकात ज्याला हुकूमशाहीचं वास्तुशिल्प म्हणतात तिथे मला संध्याकाळी चालायला बरं वाटतं आणि ज्याला स्वातंत्र्याचं म्हणतात तिथे मी हरवतो. आता बोला.

विटा_सिमेंट
मीच तो मित्र. घरी आमटी-भात खाऊ घातलास म्हणून तिथे गप्प बसलो, इथे नाही बसणार.

अरे, तुला घर सापडलं नाही हा आर्किटेक्चरचा दोष? तू मुंबईतही पत्ता विचारतच फिरायचास. मुद्दा बघ. युद्धाआधीचं बर्लिन म्हणजे पुढे छान दर्शनी घर आणि मागे एकात एक घुसवलेले अंधारे चौक, तिसऱ्या चौकातल्या खोलीला ऊन म्हणजे काय ते माहीत नाही, क्षयरोग घरोघरी. ते ज्यांनी बघितलंय त्यांना रस्त्याची रांग मोडणं म्हणजे सुटका वाटली. आल्टोच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅटच्या मधोमध एक मोठी खोली आहे, बाकीच्या खोल्या तिच्याभोवती आणि तिला लागूनच खोल बाल्कनी, म्हणजे आपला जुना वाडा डोक्यात आण, चौक आणि भोवती खोल्या, फक्त आठ मजली इमारतीत बसवलेला. घरातल्या माणसापासून सुरू झालेलं डिझाइन आहे ते.

आणि तुझा राजवाडा? ९० मीटर रुंद रस्ता कोण चालायला बांधतो? परेडला बांधतात. खिडकी कुठे यायची ते आतल्या खोलीवरून नाही, बाहेरच्या सिमेट्रीवरून ठरलेलं. एका बाजूच्या दुकानातून समोरच्या दुकानात जायचं म्हणजे अर्धं गाव ओलांडणं. त्याला तू कोपरा म्हणतोस.

लालबागकर
दोन्ही साहेबांना नमस्कार. आर्किटेक्चर मला कळत नाही, इतिहास थोडा वाचलाय. या राजवाड्यांचं कौतुक करताना एक गोष्ट कुणी काढलीच नाही. १६ जून १९५३ ला याच स्टालिनआलेवरच्या ब्लॉक ४० चे बांधकाम मजूर काम टाकून बाहेर पडले. का, तर सरकारने हुकूम काढला की तेवढ्याच पगारात १० टक्के जास्त काम करा. दुसऱ्या दिवशी संप पूर्व जर्मनीभर पसरला, मग रशियन रणगाडे आले, किमान ५५ माणसं मेली. म्हणजे कामगारांसाठी राजवाडा, आणि तो बांधणारा कामगारच रस्त्यावर मेला. आमच्याकडे गिरणी संप काय असतो ते बघत मोठे झालोय, त्यामुळे खांब-कमानी बघितल्या की मला आधी पगाराची पाटी दिसते, काय करणार.

स्प्रीकाठचा
लालबागकर, मान्य, शंभर टक्के मान्य. ते लपवायचं नव्हतं, लिहायचं राहिलं. पण एक सांगा, इमारतीचा गुन्हा कुठला त्यात? गुन्हा सरकारचा. मलबा उपसायला फुकट पाळ्या करणाऱ्या लोकांना फ्लॅटच्या लॉटरीची तिकिटं मिळायची, म्हणजे ढिगाऱ्यातून विटा निवडून साफ करणाऱ्या बाईला त्याच रस्त्यावर घर लागू शकत होतं. सगळ्यांना नाही लागलं, पण काहींना लागलं.

लालबागकर
लॉटरी म्हणालात, आमच्याकडे म्हाडाची असते, त्यामुळे ही भाषा चांगली समजते.

उंटावरचा_शहाणा
तुमचं सगळं भांडण दोन शोकेसवर चाललंय. दुकानाच्या काचेत ठेवलेली साडी आणि आत मिळणारी साडी यात फरक असतो की नाही? हान्साफिर्टलमध्ये मोजून १,२०० च्या आसपास फ्लॅट. सामान्य माणसाला पश्चिमेत काय मिळालं, तर मेर्किशेस फिर्टल आणि ग्रोपियसस्टाट, आणि पूर्वेत मार्त्सान. ग्रोपियसस्टाट म्हणजे साक्षात ग्रोपियसच्या नावाची वसाहत, त्याने आराखडा केला तेव्हा इमारती एवढ्या उंच नव्हत्या, मग १९६१ ला भिंत आली, पश्चिम बर्लिनला पसरायला जागाच उरली नाही, मजले वाढवले, गर्दी वाढवली, शेवटी १८,००० च्या वर फ्लॅट. तिथे जाऊन विचारा बाग हवी का रस्ता हवा, लोक म्हणतील लिफ्ट चालू हवी.

आणि लिफ्टवरून आठवलं, तुमच्या त्या थोर नीमायरच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टचा मनोरा इमारतीच्या बाहेर वेगळा उभा आहे आणि लिफ्ट थांबते फक्त दोन मजल्यांवर. बाकीच्यांनी तिथून जिना चढायचा नाहीतर उतरायचा. बाजारातून बटाट्याची पिशवी घेऊन येणाऱ्या म्हातारीला विचारा हा मॉडर्निझम, म्हणजे नक्षी टाकून साधं-सपाट बांधायची शैली, कसा वाटतो.

विटा_सिमेंट
शहाणे, लिफ्टचा मुद्दा शंभर नंबरी, तिथे मला उत्तर नाही. कल्पना अशी होती की एका मजल्यावर सगळे शेजारी भेटतील, जिन्यावर गप्पा होतील. शेजारी भेटावेत म्हणून लिफ्ट कमी थांबवायची हे ब्राझीलमधल्या उन्हात ठरवलेलं दिसतंय, बर्लिनच्या जानेवारीत नाही.

पण कोर्बुझिएचा, म्हणजे आपलं चंदीगड आखणाऱ्या आर्किटेक्टचा, किस्साही ऐका, म्हणजे उलटी बाजू कळेल. त्याची इमारत हान्साफिर्टलमध्ये मावलीच नाही एवढी मोठी, म्हणून शहराच्या पश्चिम टोकाला ऑलिंपिक स्टेडियमपाशी बांधली. त्याच्या हिशोबात खोलीची उंची २.२६ मीटर, बर्लिनचा नियम म्हणाला २.५० पाहिजे. २४ सेंटिमीटरवरून बाबा चिडला. मी स्वतः नियमाच्या बाजूने आहे, पंख्याखाली हात वर करून सदरा घालता आला पाहिजे.

ट्रामवाली
मी मार्त्सानमध्ये राहते, सात वर्षं झाली, दहाव्या मजल्यावर, त्या प्रसिद्ध पॅनलच्या बिल्डिंगमध्ये, म्हणजे फॅक्टरीत बनवलेल्या काँक्रीटच्या भिंती आणून जोडलेल्या. म्हणून दोन शब्द. भिंत एवढी कडक आहे की खिळा ठोकणं विसरा, हॅमर ड्रिल लागतो, गणपतीत मखराच्या मागचा पडदा मी दरवर्षी चिकटपट्टीवर लावते आणि तो दरवर्षी दुसऱ्या दिवशी आरतीच्या वेळी पडतो. बाहेरून बघितलं तर खोक्यावर खोकं. पण आमच्या मजल्यावर एक आजी आहेत, सुरुवातीपासून राहतात, त्या सांगतात की आधी त्या जुन्या शहरातल्या सुंदर नक्षीच्या घरात होत्या, जी आता सगळे इंस्टाग्रामवर टाकतात. संडास अर्ध्या जिन्यावर, चार बिऱ्हाडांत एक, आणि कोळसा तळघरातून बादलीने वर. इथे आल्यावर पहिल्या दिवशी नळाला गरम पाणी आलं तर दोनदा आंघोळ केली म्हणाल्या. त्यामुळे "खोकी" म्हणायच्या आधी मी आता थांबते.

आणि स्प्रीकाठचा, तुमच्या लाडक्या रस्त्यावर एक गोष्ट तुम्ही सांगितली नाहीत. राजवाड्यांच्या रांगेत दोन इमारती अगदी वेगळ्या आहेत, साध्या, पांढरट, सपाट. १९४९-५० च्या. तेव्हा हान्स शारून आणि मंडळींचा आराखडा होता, मोकळ्या जागेत हलकी घरं, त्यात लुडमिला हेर्त्सेनश्टाइन या बाईंनी या दोन केल्या. प्रत्येक मजल्यावर बाहेरून लांब गॅलरी आणि गॅलरीत एकेका घराचं दार. मग वरून वारं फिरलं, मॉस्कोहून नवीन धडे आले, हे असलं पाश्चात्त्य चालणार नाही म्हणाले. पाडणं परवडणारं नव्हतं. मग काय केलं असेल? समोर पॉप्लरची झाडं लावली, दिसू नयेत म्हणून!

लालबागकर
थांबा थांबा. मजल्यावर लांब गॅलरी, गॅलरीत घरांची दारं. ताई, ही चाळ झाली की.

ट्रामवाली
हो, मीही पहिल्यांदा बघून हेच म्हटलं. नवऱ्याला पटेना.

स्प्रीकाठचा
झाडांचं खरं आहे, मी रोज तिथून जातो आणि मला वाटायचं महापालिकेची हौस. म्हणजे मार्क्सवाद्यांनी मॉडर्निझम झाडामागे लपवला आणि पश्चिमेने झाडांमध्ये प्रदर्शनाला ठेवला.

आर्किटेक्ट हेन्झेलमानचंही तसंच आहे. या रस्त्यावरचे मनोरे त्याचे, फ्रांकफुर्टर टोरचे ते दोन घुमटवाले. माणूस मुळात मॉडर्निस्ट. १९५१ मध्ये पूर्वेच्या सत्ताधारी पार्टीच्या पेपराने जाहीर झोडपल्यावर काही दिवसांत नवीन ड्रॉइंग घेऊन हजर, शिंकेलच्या (एकोणिसाव्या शतकातला बर्लिनचा आर्किटेक्ट) थाटात.

आणि गंमत पुढे आहे, विटा_सिमेंट, नीट ऐक. १९५४ च्या शेवटी सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह म्हणाला नक्षीकाम बंद, फॅक्टरीत पॅनल बनवा, स्वस्तात बांधा. की झाली पलटी. याच रस्त्याचा श्ट्राउसबर्गर चौकापासून आलेक्झांडरप्लात्सपर्यंतचा तुकडा १९५९ नंतर बांधला, पॅनलच्या सपाट इमारती, मध्ये गवत, किनो इंटरनॅशनल, कॅफे मॉस्काउ, काच आणि हलकेपणा. म्हणजे दहा वर्षांत पूर्वेने तेच केलं जे हान्साफिर्टलमध्ये "स्वातंत्र्य" म्हणून विकलं होतं. मग सपाट छत म्हणजे लोकशाही आणि खांब म्हणजे हुकूमशाही हे गणित कुठे गेलं?

विटा_सिमेंट
ते गणित मी कधी मांडलंच नव्हतं, तूच मांडलंस आणि तूच खोडलंस. आणि आता तू स्वतःच कबूल करतोयस की त्या रस्त्यावरचा सगळ्यात छान तुकडा तो, जिथे राजवाडे संपतात. परवा किनो इंटरनॅशनलसमोर फोटो कोण काढत होतं?

स्प्रीकाठचा
सिनेमा बघायला छान, राहायला नाही. त्या तुकड्यात मूळ राहत्या इमारतींना खाली दुकानं नाहीत, दुकानं वेगळ्या छोट्या पॅव्हिलियनमध्ये. संध्याकाळी तिथे वारा आणि मी, दोघंच.

उंटावरचा_शहाणा
रस्ता रस्ता काय लावलंय. हान्साप्लात्सला मेट्रो आहे, लायब्ररी आहे, दोन चर्च आहेत, शाळा आहे, एक सिनेमा होता त्याचं १९७४ मध्ये मुलांचं नाटकघर झालं, ग्रिप्स, अजून चालतंय. रस्ता नसून चाललंय ना?

आणि भाडं कुणी काढलं नाही. १९९० नंतर त्या राजवाड्यांतले फ्लॅट खाजगी कंपन्यांकडे गेले, टाइल्स गळत होत्या त्या दुरुस्त झाल्या हे बरं झालं, पण मग भाडेकरूंना घाम फुटला आणि २०१९ मध्ये शेकडो फ्लॅट शहराच्या सरकारी कंपनीला परत विकत घ्यावे लागले. आपणच बांधलेलं आपणच विकायचं आणि महागात परत घ्यायचं. वारसा यादीत नाव लागलं की भाडं कुठे जाईल ते बोला, बाग की रस्ता ते नंतर.

विटा_सिमेंट
हे मात्र खरं दुखणं आहे. संरक्षित इमारती म्हणून खिडकीची चौकट बदलायला आधीच परवानगी लागते, वारशाचा दर्जा मिळाला तर कटकट वाढेल आणि खर्च भाडेकरूच्या माथी. तरीही मी प्रस्तावाच्या बाजूने. दोन्ही एकत्र ठेवल्याशिवाय एकही कळत नाही, हे आपल्या भांडणानेच आत्ता दाखवून दिलं. बाय द वे, राहायला मला अजूनही आल्टोचाच फ्लॅट हवा.

स्प्रीकाठचा
मिळणार नाहीये तुला.

लालबागकर
माझा प्रश्न राहिला. आमची खोली १६० चौरस फुटांची होती, त्यात आठ माणसं, त्यामुळे ऊन-वारा कुठून येतो याला आमच्याकडे लई किंमत. पण खरं घर गॅलरीत होतं, भांडण तिथे, अभ्यास तिथे, पापड तिथे, रात्री झोपायचं तिथे. आता पुनर्विकासात टॉवर मिळणार, ५०० चौरस फूट, संडास घरात, आई खूश आहे आणि मीही आहे, उगाच गळे काढणार नाही. पण मजल्यावर दार लावलं की पलीकडे कोण ते कळणार नाही. म्हणून विचारतो ट्रामवाली ताई, त्या झाडामागच्या गॅलऱ्यांमध्ये कोणी बसतं का? कपडे वाळत घालतात?

ट्रामवाली
काल मुद्दाम ट्राममधून उतरून चालत गेले बघायला. कपडे नाहीत. तिसऱ्या मजल्यावर एक सायकल, दोन कुंड्या आणि एक लाकडी खुर्ची होती, खुर्चीवर उशी.