मतभेद, मनभेद आणि मैत्री: रेघ कुठे मारायची?

कोरा_कागद

‘मतभेद असावेत, मनभेद नसावेत’ हे वाक्य इतकं गुळगुळीत झालंय की ते तपासून पाहायचं राहूनच जातं. कर किती असावा अशा वादात ते चालतं. पण वाद फाशी असावी का, गर्भपात गुन्हा आहे का, एखाद्या समूहाला बरोबरीचे हक्क द्यायचे की नाहीत, असा असला तर? तिथे मत हेच मन असतं. मग मैत्री टिकवणं हा मोठेपणा की बोटचेपेपणा? आणि मैत्री नाही टिकली तरी सभ्यता पाळायलाच हवी का? ‘ज्याचं त्यानं ठरवावं’ हे उत्तर नकोय. निकष हवेत.

जुनी_वही

आधी दोन शब्द वेगळे करू, निम्मा घोळ तिथेच आहे.

सभ्यता म्हणजे समोरच्याचं बोलणं पुरं होऊ देणं, तो जे म्हणालाच नाही ते त्याच्या तोंडी न घालणं, खाजगीत सांगितलेलं चव्हाट्यावर न मांडणं, घरच्यांना वादात न ओढणं. हे आपण अनोळखी माणसालाही देणं लागतो, त्यासाठी तो आवडावा लागत नाही. मैत्रीवर मात्र कोणाचाच हक्क नसतो. त्यामुळे ‘मैत्री संपली, सभ्यता चालू आहे’ या अवस्थेत ढोंग काही नाही.

मैत्री कोणत्या जातकुळीची होती हेही पाहावं लागतं. ॲरिस्टॉटलने ‘निकोमॅकियन एथिक्स’च्या आठव्या-नवव्या भागात तीन प्रकार सांगितलेत: उपयोगाची, मौजेची आणि एकमेकांच्या चारित्र्याविषयीच्या आदरावर उभी असलेली. पहिल्या दोन्हींना राजकारणाने फारसा धक्का लागत नाही. सोबत खेळणाऱ्याचं मत न विचारताही खेळता येतं. दुखतं ते तिसरीत, कारण तिथे ‘हा असा विचार करूच कसा शकतो?’ हा प्रश्न थेट पायावर येतो. मित्र बिघडला तर लगेच तोडावं का, हेही ॲरिस्टॉटल विचारतो. त्याचं उत्तर असं, की सुधारण्यापलीकडे गेलेल्यालाच सोडावं. ज्याला सावरता येईल त्याला पैशापेक्षा चारित्र्यासाठी मदत करणं जास्त मैत्रीचं.

मी तपासेन त्या गोष्टी: नुसतं मत आहे की कृतीही आहे? (मत बाळगणं, मत देणं, प्रचार करणं आणि कोणाला त्रास देणं या चार वेगळ्या पायऱ्या आहेत. आपण पहिली पाहून चौथीचा निवाडा करतो.) त्या मताचा फटका कोणाला बसतो, आणि तो माणूस खोलीत हजर आहे का? आणि नवी माहिती आल्यावर त्याची कारणं हलतात का? मत बदलो न बदलो, कारणं हलत असतील तर संवाद जिवंत आहे.

मतभेदाची खोली हा निकष मी मुद्दामच घेतलेला नाही. अमेरिकी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गिन्सबर्ग (उदारमतवादी) आणि स्कालिया (पुराणमतवादी) दोन टोकांना होते, तरी घट्ट मित्र. १९९६ साली व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटमध्ये स्त्रियांना प्रवेश देण्याच्या खटल्यात बहुमताचा निकाल गिन्सबर्ग लिहीत होत्या. स्कालियांनी आपल्या विरोधी मताचा मसुदा त्यांना आधीच दिला, उत्तर द्यायला वेळ मिळावा म्हणून. त्याने निकाल सुधारला असं गिन्सबर्ग पुढे सांगत.

तिसरी_बाजू

बऱ्याच अंशी सहमत, पण हे उदाहरण नेहमी अर्धंच सांगितलं जातं. दोघांचं पद सारखं, नोकरी तहहयात. हरण्याची किंमत दोघांपैकी कोणालाच रोजच्या जगण्यात मोजावी लागत नव्हती. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्टने १९५४ मध्येच मांडलं होतं की दोन गटांतल्या संपर्काने पूर्वग्रह कमी व्हायचे तर समान दर्जा, समान उद्दिष्ट, सहकार्य आणि वरून संस्थेचा पाठिंबा लागतो. हे नसेल तर ‘सभ्यपणे बोला’चं ओझं दुबळ्या बाजूवरच पडतं. मार्टिन ल्यूथर किंग यांनी एप्रिल १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात राग आहे तो याच लोकांवर, ध्येय मान्य पण मार्ग मान्य नाही म्हणणाऱ्या मवाळांवर.

साधी खूण सांगतो. गटात ‘जरा शांतपणे घे’ हे दर वेळी कोणाला सांगितलं जातं ते मोजा. दर वेळी एकालाच सांगितलं जात असेल तर ती सभ्यता नाही, तोंडावर बोट आहे. आणि माणूसपण नाकारणारं वाक्य गोड आवाजात म्हटलं तरी ते सभ्य होत नाही.

कोरा_कागद

ओझ्याचा मुद्दा पटला. आता प्रत्यक्ष कृती सांगा. बोलायचं ठरवलं तर कसं? आणि थांबवायचं ठरवलं तर?

गाठ_निरगाठ

बोलायचं तर पहिला नियम: प्रेक्षक नको. गटात किंवा जाहीर लिखाणात माणूस मित्राशी बोलत नाही, बघणाऱ्यांशी बोलतो. सार्त्र आणि काम्यू या फ्रेंच लेखक-मित्रांचं १९५२ मध्ये नेमकं हेच झालं. सार्त्रच्या मासिकात काम्यूच्या पुस्तकावर दुसऱ्याच कोणी झोडपणारं परीक्षण लिहिलं. काम्यूने उत्तर दिलं ते ‘संपादक महोदय’ असं संबोधून, मित्राला नाही. सार्त्रनेही छापूनच उलट उत्तर दिलं. १९६० मध्ये काम्यू अपघातात गेला तोवर समेट झाला नव्हता.

म्हणून समोरासमोर, दोघंच, एका बैठकीला एकच विषय. वेळ आधी ठरवा; तासाभरानंतर नवे मुद्दे येत नाहीत, जुनी उणीदुणी येतात. मग गणितज्ञ अनातोल रॅपोपोर्टची रीत: समोरच्याचं म्हणणं त्याच्यापेक्षा नीट मांडा. ‘हो, हेच म्हणायचंय मला’ असं तो म्हणेपर्यंत खंडन सुरू करायचं नाही. त्यानंतर कुठे एकमत आहे ते, त्याच्याकडून काय शिकायला मिळालं ते, आणि मगच टीका. बहुतेक जण पहिल्या पायरीवरच घसरतात, कारण त्यांनी सारांशातच टोमणा पेरलेला असतो.

‘का’पेक्षा ‘कसं’ विचारा. ‘तुला हे का वाटतं?’ म्हटलं की माणूस वकिली करतो. ‘हा नियम लागू झाला तर पहिल्या दिवशी नेमकं काय होईल?’ म्हटलं की आपल्याला किती कमी माहिती आहे हे दोघांनाही कळतं.

युक्तिवादापेक्षा अनुभव जास्त हलवतो, याचा चांगला विदा आहे. ब्रूकमन आणि काला या राज्यशास्त्राच्या अभ्यासकांचा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला मायामीतला प्रयोग पाहा. दारोदार जाऊन सुमारे १० मिनिटं बोलायचं. वाद न घालता, ‘तुम्हाला कधी कोणी वेगळं म्हणून वागवलंय का?’ असं विचारून ऐकायचं. ट्रान्सजेंडर व्यक्तींविषयीचा पूर्वग्रह त्याने कमी झाला आणि तो परिणाम तीन महिन्यांनंतरही टिकून होता.

बिघडतं कुठे? ‘तुम्ही लोक’ म्हटलं की मित्र पक्षाचा प्रवक्ता होतो आणि पक्षाच्या प्रत्येक पापाचा जाब त्याला द्यावा लागतो. ‘तेव्हा कुठे गेला होतात?’ने विषयच बदलतो. आणि दुवे पाठवत बसणं म्हणजे गृहपाठ देणं. कोणी वाचत नाही.

थांबवायचं तर रोमन वक्ता सिसेरोचं ऐका. इ.स.पू. ४४ मध्ये मैत्रीवर लिहिताना तो केटोचा हवाला देतो: मैत्री फाडू नये, उसवावी. आधी तो विषय बंद, मग भेटी कमी, मग मनातलं सांगणं बंद. त्याने विचारलंच तर एकदाच सरळ सांगा: ‘या विषयावर आपलं जमणार नाही, म्हणून मी लांब राहतोय.’ जाहीर घोषणा नको, आणि सामाईक मित्रांना बाजू निवडायला लावू नका. त्याची गुपितं मैत्री संपल्यावरही गुपितंच राहतात.

अपवाद एकच. धमकी, पाळत किंवा छळ असेल तर उसवत बसू नका, सरळ कापा.

जुनी_वही

अवांतर नाही, पण एक भर: भांडण खरंच विचारांचं आहे का तेही पाहा. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. पुढे आगरकरांनी ‘केसरी’ सोडला, १८८८ मध्ये ‘सुधारक’ काढला. आधी सुधारणा की आधी स्वराज्य, एवढंच आपल्याला आठवतं. पण दोघं ज्यात होते त्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत आजीव सदस्यांनी बाहेरची कमाई करावी का, हाही कडवट वाद होता, आणि टिळक १८९० मध्ये तिथून बाहेर पडले. तत्त्वाच्या भांडणात पैशाचं आणि कामाचं भांडण मिसळलं की दोन्ही सुटत नाहीत. दोन वेगळ्या कागदांवर लिहून काढा.

कोरा_कागद

आणि तुटलेलं पुन्हा जोडायचं असेल तर?

गाठ_निरगाठ

दोघांचाही विश्वास असलेला तिसरा माणूस, आणि पहिल्या पत्रात राजकारण शून्य. अमेरिकेचे दुसरे आणि तिसरे अध्यक्ष, जॉन ॲडम्स आणि जेफरसन, १८०० ची निवडणूक एकमेकांविरुद्ध लढल्यानंतर दुरावले होते. दोघांचा मित्र बेंजामिन रश दोघांनाही चिकाटीने पत्रं लिहीत राहिला. १ जानेवारी १८१२ ला ॲडम्सने छोटं पत्र धाडलं: ‘घरी विणलेल्या कापडाचे दोन नमुने’ पाठवतोय. तो विनोद होता, पुडक्यात मुलाच्या व्याख्यानांचे दोन खंड होते. पत्र आधी पोचलं, पुडकं मागे राहिलं, आणि जेफरसनने उत्तरात व्हर्जिनियातल्या घरगुती विणकामावर गंभीरपणे लिहिलं. पत्रव्यवहार पुढे १४ वर्षं चालला.