मदत हवी आहे: सह्याद्रीचा काळा पाषाण आणि समुद्रतळाचा बेसॉल्ट यांतील फरक वर्गात कसा दाखवावा?

नमस्कार. मी कराड तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. समुद्रतळ मुख्यतः बेसॉल्टचा असतो, असे नववीच्या वर्गात सांगितल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, की आपल्या खाणीतला काळा दगडही बेसॉल्टच आहे, मग सह्याद्री म्हणजे वर उचलला गेलेला समुद्रतळच का? प्रश्न इतका रास्त आहे, की नुसते ‘नाही’ म्हणून तिला गप्प बसवणे मला पटत नाही.

मी केलेली मांडणी अशी: दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर थरांमागून थर असा पसरला. कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी घेतलेल्या खोल विंधनछिद्रांत हा बेसॉल्ट संपताच खंडांच्या कवचात आढळणारा ग्रॅनाइटी खडक लागला, म्हणजे त्याचा पाया खंडाचा आहे. महासागरी कवचाची घडण निराळी. मध्य-सागरी पर्वतरांगांपाशी भूपट्ट एकमेकांपासून दूर सरतात, तेव्हा वर येणारा प्रावरणाचा (कवचाखालच्या जाड थराचा) खडक दाब कमी झाल्यामुळे अंशतः वितळतो, आणि त्यातला जो शिलारस तळावर पोहोचतो तो थंड पाण्यात लगेच थिजून उशांसारखे गोळे तयार होतात; त्यांच्याखाली उभ्या भेगांत गोठलेल्या खडकाच्या भिंती आणि त्याहून खाली, सावकाश निवल्यामुळे ठळक स्फटिकांचा झालेला गॅब्रो असतो. हे सारे कवच साधारण ६ ते ७ किलोमीटर जाडीचे असते. अरबी समुद्रातील कार्ल्सबर्ग पर्वतरांगेपाशी असा नवा तळ आजही घडत आहे, ही गोष्ट मुलांना विशेष भावली.

अडचण नमुन्यांची आहे. खडकाचा लहान तुकडा हातात घेतला, तर दोन्ही बेसॉल्ट काळे आणि बारीक कणांचेच दिसतात; खरा फरक गोळ्यांच्या आकारात, त्यांच्या काचेसारख्या कडेत आणि खालच्या थरांत आहे. कर्नाटकातील चित्रदुर्गजवळील मरडीहळ्ळी येथे पाण्याखाली थिजलेल्या लाव्ह्याचे असे गोळे राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेले आहेत आणि आपल्याच महामार्गाने तिकडे जाता येते. तो खडक मात्र आजच्या कोणत्याही महासागराच्या तळापेक्षा कितीतरी प्राचीन आहे, हे मुलांना आधीच स्पष्ट सांगावे लागेल.

कोणी तिथे शालेय सहल नेली आहे का? नववीच्या मुलांना गोळ्यांची रचना सहज ओळखता येते का? तसेच सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडून गॅब्रोचा नमुना एका तासापुरता मिळू शकेल का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.