मदत हवी आहे: कारवानी जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला वासावरून वस्तू शोधायला शिकवता येईल का?

नमस्कार मंडळी. सोलापूर स्टेशनवर श्वान पथक पाहिल्यापासून आमच्या भाच्याने डोकं खाल्लंय. तिथला लॅब्राडॉर बॅगांच्या चेनला नाक लावत पुढे सरकत होता. संशय आला की भुंकायचं नाही, गपकन खाली बसायचं, हीच त्यांची खूण. बक्षीस काय, तर एक चेंडू!

आता भाच्याला घरचं पाच महिन्यांचं कारवानी पिल्लू तसंच तयार करायचंय. अमली पदार्थ शोधायला लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, बेल्जियन मॅलिनॉय, बीगल, कॉकर स्पॅनियल वापरतात. कारवानी मात्र नजरेने शिकार करणारं, ससा दिसला की सुटलंच. त्याचं नाक जमिनीला टिकेल का? लॅब्राडॉर घ्यावा तर आपल्याकडचा एप्रिल-मेचा उन्हाळा त्या दाट केसांना सोसेल का, हीही धास्ती.

खरा माल घरी आणणं म्हणजे सरळ गुन्हा, त्यामुळे सराव लवंगेच्या तेलावरच करणार. कापसाचा बोळा डब्यात लपवायचा, एवढं ठरलंय. पुढे काय? सोलापूर, पंढरपूर, मंगळवेढा भागात कुणी कारवानीला वास शोधायला शिकवलंय का? चांगला ट्रेनर माहीत असेल तर कृपया सांगा. 'गावठी पाळा, राखण तरी करेल' हा सल्ला आमच्या अण्णांनी आधीच दिलाय.