मदत हवी आहे: बॅकअप परत उतरवताना फाइलींचा मालक बदलतो (जावा, लिनक्स)

बॅकअपचा छोटा प्रोग्राम आहे. गेटओनरने फाइलचा मालक वाचतो, त्याचं गेटनेम मजकूर म्हणून साठवतो. उतरवताना त्या नावावरून युजरप्रिन्सिपल (जावातलं युजर दाखवणारं ऑब्जेक्ट) शोधून सेटओनर करतो. जुन्या सर्व्हरचा बॅकअप नव्यावर रूटने (सगळे अधिकार असलेल्या युजरने) उतरवला. काही फाइलींवर 'युजरप्रिन्सिपलनॉटफाउंड' आलं. ते कळलं, ते युजर नव्या मशीनवर नाहीत. पण ४० फाइली काहीच एरर न देता भलत्याच युजरच्या नावावर गेल्यात. असं का?

प्रतिसाद १
त्या ४० फाइलींसाठी साठवलेलं नाव उघडून बघा. बहुधा '१००४' असे नुसते आकडे असतील.

डिस्कवर मालकाचं नाव नसतंच, फक्त यूआयडी (युजरचा आकडा) असतो. जुन्या मशीनवर तो युजर काढून टाकला असेल, तर ओपनजेडीके (जावाची मुक्त आवृत्ती) नावाच्या जागी तो आकडाच मजकूर करून देतं. उतरवताना '१००४' नावाचा युजर सापडत नाही, मग तेच ओपनजेडीके त्या मजकुराला आकडा समजतं आणि यूआयडी १००४ चा प्रिन्सिपल हातात ठेवतं. नव्या मशीनवर १००४ दुसऱ्याच कुणाचा. म्हणून एरर नाही.

नाव आणि आकडा दोन्ही साठवा. आकडा 'युनिक्स:यूआयडी' या अ‍ॅट्रिब्यूटमधून मिळतो (विंडोजवर हे नाही, तिथे युजरची ओळख एसआयडी या वेगळ्या क्रमांकाने). त्याच मशीनवर उतरवायचं तर आकडा वापरा, दुसऱ्या मशीनवर नाव. नाव आकडीच असेल तर शोधायलाच जाऊ नका. फाइल रूटकडे ठेवून यादीत लिहा. ग्रुपचंही असंच.

धागाकर्ता
बरोबर, सगळे आकडेच निघाले! पण टार (फाइली एकत्र बांधणारा प्रोग्राम) सुद्धा आधी नावच बघतो ना?

प्रतिसाद २
हो, रूटने उतरवताना ग्नू टार आधी नाव बघतो, ते नसेल तर आकडा. म्हणजे हाच खड्डा तिथेही आहे. लाइव्ह सीडीवरून अख्खी सिस्टिम उतरवताना मात्र टारला 'न्यूमेरिक-ओनर' (फक्त आकडा वापर) हा पर्याय द्यायचाच, नाहीतर सीडीवरच्या युजरांचे आकडे डिस्कवर बसतात.

कोडमध्ये आणखी दोन जागा तपासा. मालक आधी, परवानग्या नंतर. 'चाऊन' (मालक बदलणं) झालं की लिनक्स एक्झिक्यूटेबल फाइलचा सेटयूआयडी बिट (फाइल तिच्या मालकाच्या अधिकाराने चालवणारी परवानगी) काढून टाकतं. आणि सेटओनर सिमलिंकच्या (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या फाइलच्या) मागे जातं, म्हणजे मूळ फाइलचाच मालक बदलतं. बॅकअपमधली लिंक /ईटीसी/शॅडोकडे (पासवर्डांच्या फाइलकडे) बोट दाखवत असेल तर रूटने काय होईल ते बघा. 'नोफॉलो' पर्याय देऊन फाइलओनरअ‍ॅट्रिब्यूटव्ह्यू घ्या आणि मालक त्यावर बदला.

धागाकर्ता
परवानग्या आधीच लावत होतो. क्रम उलटवतो.