कोलंबस (इंडियाना) : गाव दोनशे वर्षांचे, मग त्याची पहिली एकशेवीस वर्षे कुठे आहेत?

पावसाळी

सर्वांना नमस्कार. इंडियाना राज्यातील कोलंबस या गावी मी गेली सहा वर्षे राहत आहे. ओहायोच्या राजधानीशी याची नेहमी गल्लत होते. हे कोलंबस पन्नास हजारांहून थोड्या अधिक वस्तीचे, बार्थोलोम्यू काउंटीचे मुख्य ठिकाण असून पुण्यातील बऱ्याच घरांत ते नुसते ‘कमिन्सचे गाव’, म्हणजे कमिन्स या डिझेल इंजिन कंपनीचे गाव, म्हणून ओळखले जाते. माझे वडील कोथरूडच्या कारखान्यात, तेव्हाच्या किर्लोस्कर कमिन्समध्ये, नोकरीला होते. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात छापलेले या गावाचे नाव त्यांनी तीस वर्षे वाचले आणि निवृत्तीनंतर या उन्हाळ्यात ते पहिल्यांदा येथे आले.

या गावाला २०२१ मध्ये दोनशे वर्षे पूर्ण झाली. ते वर्ष महासाथीच्या सावटाखाली गेले. तरी ‘दोनशे वर्षांचे गाव’ हे बिरुद सर्वांच्या तोंडी बसले आहे आणि मीही बाबांना ते मोठ्या हौसेने सांगितले. मग त्यांना गाव दाखवले: १९४२ चे फर्स्ट ख्रिश्चन चर्च, १९५४ ची बँक, १९६९ चे ग्रंथालय, १९८१ चे नगरभवन. शेवटी वॉशिंग्टन स्ट्रीटवरच्या झाहाराकोस या १९०० सालच्या आइसक्रीमच्या दुकानात बसलो असताना बाबा म्हणाले, “दोनशे वर्षांचं गाव म्हणतेस, आणि दाखवतेस ते सगळं माझ्या वयाच्या आगेमागेचं. एवढं हे दुकान तेवढं जुनं. त्याआधी शंभर वर्षं इथली माणसं करत काय होती?”

मला उत्तर देता आले नाही. गाव कसे वसले, आणि एवढ्याशा गावात एवढ्या नामवंत वास्तुरचनाकारांच्या इमारती का उभ्या राहिल्या, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे. इमारतींची यादी पर्यटक माहिती केंद्रात मिळतेच. मला त्यामागची कारणे हवी आहेत.

नदीकाठचा

पावसाळी, आपल्या वडिलांनी नेमके दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. मी या परिसरात पंचवीस वर्षे आहे आणि येथला इतिहास सांगणारे बहुतेक लोक १८२१ हा आकडा उच्चारून एका दमात १९४२ वर येतात, असा माझा अनुभव आहे.

सुरुवात नदीपासून करावी लागते. फ्लॅटरॉक आणि ड्रिफ्टवूड या दोन नद्या गावाच्या पश्चिम अंगाला एकत्र येतात आणि तेथून व्हाइट नदीचा पूर्वफाटा सुरू होतो. हा सारा सखल, दाट झाडीचा, दलदलीचा मुलूख लेनापी या मूळ रहिवासी लोकांचा होता, ज्यांना इंग्रजी कागदपत्रांत डेलावेअर म्हटले आहे. १८१८ मध्ये ओहायोतील सेंट मेरीज येथे झालेल्या करारांनी मध्य इंडियानाची जमीन अमेरिकन सरकारच्या ताब्यात गेली आणि लेनापींना मिसिसिपीच्या पलीकडे निघून जाण्यासाठी तीन वर्षांची मुदत मिळाली. मुदत संपण्याचे साल १८२१, आणि गावाच्या जन्मदाखल्यावरचे सालही १८२१. एक घर रिकामे झाल्याची आणि दुसऱ्याने कुलूप उघडल्याची नोंद एकाच पानावर पडावी, तसे हे आहे. दोनशे वर्षांच्या कौतुकात हे पान सहसा उलटले जात नाही.

जमीन घेणाऱ्यांत जनरल जॉन टिप्टन हे ठळक नाव. मूळ रहिवाशांविरुद्ध झालेल्या टिपेकनूच्या १८११ च्या लढाईत ते होते आणि काउंटीला ज्यांचे नाव मिळाले ते जनरल जोसेफ बार्थोलोम्यूही त्याच लढाईतले. टिप्टन यांनी नदीजवळच्या टेकाडावर लाकडी ओंडक्यांचे घर बांधले, काउंटीच्या ठिकाणासाठी आपली जमीन दिली आणि साहजिकच गावाला त्यांच्या नावावरून ‘टिप्टोना’ म्हणू लागले. पण २० मार्च १८२१ रोजी गावाचे नाव बदलून कोलंबस करण्यात आले. टिप्टन चिडून निघून गेले, पुढे रस्त्यांचे आयुक्त झाल्यावर त्यांनी इंडियानापोलिसहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता मुद्दाम कोलंबसला वळसा घालून नेला आणि अशा रीतीने देशातला पहिला बायपास सूडापोटी जन्मला, असे येथील लोक हसत हसत सांगतात.

पुढची वर्षे संथ आहेत. १८४४ मध्ये ओहायो नदीकाठच्या मॅडिसनहून लोहमार्ग येथे पोचला, त्यामुळे धान्याला बाजार मिळाला आणि गाव वाढले. १८७४ मध्ये आयझॅक हॉजसन यांनी रचलेले, मनोरे आणि उतरत्या छपरांचे न्यायालय उभे राहिले. बाबांना आधी ते दाखवा. रीव्ह्ज बंधूंच्या कारखान्यातील वेग बदलणाऱ्या कप्प्या दूरवर जात. त्यांच्यातल्या मिल्टन रीव्ह्ज यांनी १९११ मध्ये चक्क आठ चाकांची, वीस फुटांहून लांब मोटार तयार केली होती. गिऱ्हाईक मिळाले नाही, हा भाग वेगळा. पण यंत्रांचे वेड या मातीत कमिन्सच्या आधीपासून होते, एवढे त्यावरून दिसते.

साशंक

नदीकाठचा यांनी चांगले लिहिले आहे. फक्त टिप्टन यांच्या रागाविषयी थोडी सावधगिरी बाळगावी. नाव बदलले हे खरे आणि ते गाव सोडून गेले हेही खरे, परंतु ते रागावून गेले याला समकालीन पुरावा नाही. आपल्याकडे प्रत्येक बुरुजाखाली एक कथा पुरलेली असते, तसाच हा प्रकार समजावा.

मला खटकते ते वेगळेच. हे टिप्टन पुढे अमेरिकेच्या सिनेटचे सदस्य झाले. १८३८ मध्ये उत्तर इंडियानातील साडेआठशेहून अधिक पोटावाटोमी या मूळ रहिवासी लोकांना बंदुकींच्या पहाऱ्यात कॅन्ससपर्यंत सुमारे ६६० मैल चालवत नेण्यात आले, आणि त्यांना घेऊन निघालेले सशस्त्र दल टिप्टन यांच्याच हुकमतीखाली होते. वाटेत चाळीसहून अधिक माणसे दगावली, त्यांत बहुतेक लहान मुले होती. त्या वाटचालीला आजही ‘मृत्यूची वाट’ म्हणतात. गावाच्या गप्पांत मात्र टिप्टन उरले ते रुसून बसलेले एक विनोदी गृहस्थ म्हणून.

जाता जाता आणखी एक. नद्यांच्या संगमाजवळचे मिल रेस पार्क १९९२ मध्ये आजच्या रूपात आले. त्याआधी त्या पूरग्रस्त सखल जागेत गरिबांची झोपडीवजा वस्ती होती आणि गाव तिला ‘डेथ व्हॅली’ म्हणत असे. ती वस्ती हटवली गेली, त्यानंतरचे हे उद्यान.

डिझेलवाला

पावसाळी, आपल्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. मीही त्याच कारखान्याचा माणूस आहे. कदाचित आम्ही एकाच पाळीला कार्ड पंच केले असेल.

ज्या इमारतींविषयी आपण विचारता, त्यांच्यामागचा पैसा इंजिनाचा, आणि त्या इंजिनामागे एका घराण्याची अठरा वर्षांची कळ काढण्याची तयारी आहे. जोसेफ अर्विन हे येथले कापडचोपडाचे दुकानदार. दुकानाबरोबर त्यांनी १८७१ मध्ये बँक सुरू केली. त्यांचे पुत्र डब्ल्यू. जी. अर्विन यांच्याकडे क्लेसी कमिन्स हा तरुण मोटार चालवण्याच्या आणि दुरुस्तीच्या कामाला होता. औपचारिक शिक्षण बेताचे, हात मात्र सोन्याचे. ३ फेब्रुवारी १९१९ रोजी कमिन्स इंजिन कंपनी निघाली, ती या चालकाच्या कल्पनेवर आणि मालकाच्या पैशावर.

पहिला अनुभव कडू होता. शेतकऱ्यांसाठीची लहान इंजिने सीअर्स कंपनीमार्फत टपालाने विकली जात. ‘पसंत न पडल्यास परत’ या अटीचा लाभ घेऊन अनेकांनी हंगामभर इंजिन वापरले आणि मग परत पाठवले. एका मागून एक वर्षे तोट्यात गेली. अर्विन हात आखडता घेणार असे दिसू लागले, तेव्हा क्लेसीने एका जुन्या पॅकार्ड मोटारीत डिझेल इंजिन बसवले आणि १९२९ च्या नाताळच्या दिवशी मालकांना तिच्यातून फिरवून आणले. डिझेल म्हणजे जहाजाचे किंवा पंपाचे अवजड धूड, असा समज असण्याचा तो काळ. काही दिवसांतच ती मोटार इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली, तेव्हा इंधनाचा सगळा खर्च १ डॉलर ३८ सेंट आला. १९३१ मध्ये कमिन्सची डिझेल गाडी इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत इंधनासाठी एकदाही न थांबता पुरी करून तेराव्या क्रमांकावर आली. वेगाने जिंकणे तिला शक्यच नव्हते. न थांबणे एवढेच तिच्या हातात होते आणि ते तिने केले.

कंपनीला पहिला नफा झाला तो १९३७ मध्ये. तोवर डब्ल्यू. जी. यांच्या बहिणीचा नातू जे. अर्विन मिलर १९३४ पासून कारभार पाहू लागला होता. पुण्यात किर्लोस्करांबरोबर १९६२ मध्ये कंपनी निघाली ती याच मिलर यांच्या कारकिर्दीत.

रेघोट्या

मी व्यवसायाने वास्तुरचनाकार आहे आणि शिकत असताना या गावाच्या चकचकीत छायाचित्रांवर भाळलो होतो. प्रत्यक्ष आलो तेव्हा भारावून टाकणारी गोष्ट निघाली ती कागदावरची एक अट.

सुरुवात चर्चची. मिलर कुटुंबीय ज्या मंडळीत होते तिला नवे चर्च हवे होते आणि फिनलंडहून आलेले एलिएल सारिनेन यांनी ते १९४२ मध्ये विटा आणि चुनखडीच्या दगडात, १६६ फूट उंचीच्या स्वतंत्र मनोऱ्यासह बांधले. मक्याच्या शेतांनी वेढलेल्या गावात इतके निरलंकार, चौकोनी चर्च पाहून लोक बिचकले असणार. पुढे एलिएल यांचे पुत्र एरो यांनी अर्विन बँकेसाठी १९५४ मध्ये काचेच्या भिंतींची, बसकी, एका मजल्याची इमारत केली. बँक म्हणजे दगडी खांब आणि पिंजऱ्यात बसलेला रोखपाल, ही समजूत तिने मोडली. कर्ज मागायला आलेल्या शेतकऱ्याला दडपण येऊ नये, हा त्यामागचा विचार.

परंतु गाव बदलले ते शाळेमुळे. युद्धानंतर मुलांची संख्या झपाट्याने वाढली आणि घाईघाईने बांधलेल्या शाळा अगदीच सुमार निघाल्या. मिलर यांना दूरदूरचे अभियंते या आडगावी आणायचे होते, आणि मुलांची शाळा बरी नसेल तर चांगला अभियंता कुटुंब घेऊन येणार नाही, हे त्यांना कळत होते. म्हणून कमिन्स फाउंडेशनने शाळा मंडळापुढे प्रस्ताव ठेवला: आम्ही देऊ त्या छोट्या यादीतून तुम्ही वास्तुरचनाकार निवडा, त्याचे शुल्क आम्ही भरतो. बांधकामाचा खर्च करदात्यांचाच, आणि निवडीचा अधिकारही त्यांच्याच प्रतिनिधींचा. हॅरी वीस यांची १९५७ ची श्मिट प्राथमिक शाळा हे त्याचे पहिले फळ. तिच्या वर्गांवर ओळीने बसवलेली छोटी उतरती छपरे दुरून एखाद्या आळीसारखी दिसतात. पुढे हीच सवलत इतर सार्वजनिक इमारतींना मिळाली, म्हणून रॉबर्ट व्हेंचुरी यांच्यासारखा नामवंत वास्तुरचनाकार येथे अग्निशमन केंद्र बांधून गेला. सर्व प्रयोग यशस्वी झाले असे मी म्हणणार नाही. सपाट छपरे गळतात ती कोणीही रचली तरी गळतातच.

आणि हा वारसा आपोआप टिकत नाही. ज्या घराण्याच्या बँकेने हे सारे उभे केले, ती बँक २००९ च्या आर्थिक पडझडीत बुडाली. इमारत पुढे कमिन्सकडे गेली. एरो सारिनेन यांच्या नॉर्थ ख्रिश्चन चर्चचे षट्कोनी छत आणि १९२ फुटांचा सुळका सगळ्या पुस्तकांत असतो, पण तेथली मंडळी इतकी घटली की २०२२ मध्ये शेवटची प्रार्थना झाली. जून २००८ च्या पुरात रुग्णालयाच्या तळघरात हॉ ओढ्याचे पाणी शिरले आणि सगळे रुग्ण रातोरात हलवावे लागले. त्या रात्री कोणत्या इमारतीचा रचनाकार कोण, हे कोणी विचारले नसेल.

पावसाळी

सर्वांची मी मनापासून ऋणी आहे. काल सायंकाळी ही सगळी उत्तरे बाबांना वाचून दाखवली. डिझेलवाला काका, बाबा दुसऱ्या पाळीला असत. जुळते का पाहा.

टिप्टन यांचा भाग ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी तो परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि लेनापी आता कुठे राहतात, असे विचारले. बहुतेक जण ओक्लाहोमात, हे मी शोधून सांगितले. पॅकार्डची गोष्ट त्यांना पाठ होती. फक्त इंधनाचा खर्च ते दीड डॉलर समजत होते.

शाळेचा मुद्दा आला तेव्हा मात्र त्यांनी मला थांबवले. अभियंता हवा असेल तर आधी शाळा बरी हवी, हे सूत्र १९९१ मध्ये कर्वेनगरलाही पोचले होते, असे ते म्हणाले. महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेचे मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय कमिन्सच्या साहाय्याने निघाले ते त्याच वर्षी, आणि मी तेथेच शिकले. नोकरी लागून या गावी आले, तेव्हा या दोन गोष्टी मी कधी एकमेकींना जोडून पाहिल्या नव्हत्या.

शनिवारी आधी न्यायालय, मग संगम, आणि शेवटी श्मिट शाळा असा बेत ठरला आहे. शाळेला सुट्टी असल्यामुळे ती बाहेरूनच पाहावी लागेल. छपरे मोजून येतो, असे बाबांनी सांगितले आहे.