मदत हवी आहे: पाऊस पडला की दोन दिवसांत बोअरचं पाणी बदलतं, का?

आम्ही ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. सोसायटीच्या बोअरचा टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) मे महिन्यात ९४० होता. पहिला मोठा पाऊस झाला आणि दोनच दिवसांत ४१० वर आला, पाणीही गढूळ. बादलीच्या तळाशी तांबूस गाळ बसतो. नळाच्या जाळीवर मात्र पांढरा थर. त्यावर लिंबू पिळलं की फसफसतो.

असं झटपट बदलणं चुनखडीच्या प्रदेशात समजू शकतं. तिथे पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आम्लधर्मी होतं, दगड विरघळवत वाटा रुंद करतं, आणि पाऊस येताच झरे गढूळ होतात. मेघालयातल्या चुनखडीच्या गुहा अशाच घडल्या. पण ठाण्याखाली बेसॉल्ट आहे, चुनखडीसारखा सहज न विरघळणारा काळा दगड! त्यात पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरातून मुरतं. मग इतक्या लवकर कसं? केसिंग (बोअरच्या वरच्या भागात बसवलेला पाइप) फुटून वरचं पाणी थेट उतरतंय का, हीच भीती वाटते, कारण शेजारूनच गटार जातं.

कॅल्शियम, बायकार्बोनेट, क्लोराइडसोबत नायट्रेट आणि ई-कोलाय (मैल्यातून येणारे जिवाणू) तपासून घेऊ का? नमुना पावसानंतर लगेच घ्यायचा की थांबून? बोअरमध्ये कॅमेरा सोडून कोणी पाहिलंय का? हे पाणी आम्ही पीत नाही, पण लहान मुलं त्यानेच चुळा भरतात.