घाटाचा काळा दगड आणि तैलरंगाला गेलेले तडे

प्रश्न (सांगली)
गेल्या उन्हाळ्यात वाईच्या घाटावर बसून मी एक तैलचित्र रंगवले. ओल्या पायऱ्यांसाठी आयव्हरी ब्लॅक या काळ्या रंगात जवसाचे तेल घालून जाड थर दिला आणि दोनच दिवसांनी त्यावर टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला बर्न्ट अंबर हा तपकिरी रंग चढवला. पावसाळाभर चित्र कापडात गुंडाळून कपाटात ठेवले होते. आता पायऱ्यांवर केसासारखे बारीक तडे दिसतात आणि आकाशातला पांढरा रंग पिवळसर पडला आहे. राजा रविवर्म्याची चित्रे पाहतच मी ब्रश हाती धरला, पण त्यांची सफाई मला साधत नाही. दोष रंगांचा आहे की माझ्या पद्धतीचा?

उत्तर (सातारा)
रंग निर्दोष आहेत, थरांचा क्रम उलटा झाला आहे. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होते. आयव्हरी ब्लॅक भरपूर तेल पितो आणि फार सावकाश वाळतो, तर अंबरमधल्या मँगनीजमुळे तो लवकर वाळतो. म्हणजे वरचा थर घट्ट झाला तेव्हा खालचा अजून हलत होता, आणि त्या हालचालीने वरचा थर फाटला. खालचे थर कमी तेलाचे व वरचे अधिक तेलाचे, हा नियम जुन्या चित्रकारांनी अनुभवाने बांधलेला आहे. पिवळेपणाची मात्र फार चिंता करू नका. जवसाचे तेल अंधारात पिवळे पडते आणि उजेडात ते पुष्कळसे निवळते, म्हणून चित्र थेट ऊन न लागणाऱ्या खिडकीपाशी ठेवावे. तडे मात्र भरून येणार नाहीत.

उत्तर (औंध)
सफाईविषयी थोडे लिहितो, कारण माझ्या मते खरा प्रश्न तोच आहे. औंधच्या भवानी संग्रहालयात रविवर्म्याची मूळ तैलचित्रे आहेत. ते संग्रहालय उभारणारे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते. तिथे चित्रासमोर उभे न राहता बाजूला सरकून, पृष्ठभागावर तिरपा उजेड पडेल असे पाहावे. छपाईत जे एकसलग गुळगुळीत वाटते, ते मुळात ब्रशचे काम आहे हे तेव्हा कळते. अंधाऱ्या जागी कोणता रंग किती पातळ आहे, हे शोधण्यात मी तिथे एक अख्खी दुपार घालवली आहे. आपण छापील प्रतीची सफाई गाठू पाहत आहात की चित्राची, हे आधी ठरवावे. आणि नळीतला काळा रंग काही काळ बाजूला ठेवून अल्ट्रामरीन हा निळा रंग व बर्न्ट अंबर मिसळून गडद छटा करून पाहावी.

प्रश्नकर्ता (सांगली)
चित्र महिनाभर उत्तरेच्या खिडकीशी ठेवले आणि आकाश बरेच निवळले. काल पुन्हा घाटावर जाऊन एका पायरीवर ओंजळभर पाणी टाकले. कोरडा दगड राखाडी होता, भिजल्यावर निळसर झाला आणि कडेला तपकिरी राहिला. काळा तो कुठेच नव्हता. नव्या कॅनव्हासवर त्या दोन रंगांचा, टर्पेंटाइनमध्ये पातळ केलेला पहिला थर दिला आहे, आणि तो वाळेपर्यंत त्याला हात लावणार नाही.